टनभर स्टीलमध्ये ८ ग्रॅम बोरॉन टाकलं की काय होतं? स्टील आयातीवरच्या शुल्काचा खेळ समजून घ्या

एक टन स्टील तयार होत असताना त्यात ८ ग्रॅम बोरॉन टाकलं तर? ८ ग्रॅम म्हणजे चहाच्या एका चमच्यात मावेल इतकं. पत्रा बाहेरून तसाच दिसतो आणि बहुतेक कामांना तसाच वापरता येतो. पण कस्टम्सच्या पुस्तकात त्याचं नाव बदलतं. कालपर्यंत 'साधं स्टील' असलेला माल 'अलॉय स्टील' होतो. नाव बदललं की कोड बदलतो आणि कोड बदलला की कर, सवलत, बंधनं असं सगळंच बदलू शकतं.

२१ एप्रिल २०२५ ला भारतानं स्टीलच्या आयातीवर १२ टक्के सेफगार्ड ड्युटी लावली, तेव्हा सगळीकडे चर्चा झाली ती १२ या आकड्याची. पण हे १२ टक्के नेमके कोणत्या मालाला लागणार, कोणाला नाही, हे ठरतं कोडवरून. त्यामुळे ही भानगड समजून घ्यायची तर सुरुवात कोडपासूनच करावी लागते.

हा कोड असतो तरी काय?

दुकानातून काहीही घेतलं की जीएसटीच्या बिलावर 'एचएसएन' नावाचा एक आकडा दिसतो. तोच हा कोड. जगातल्या प्रत्येक विकाऊ वस्तूला एक नंबर द्यायचा, म्हणजे कुठल्याही बंदरावर ती कोणत्या नावानं ओळखायची यावर वाद नको, ही त्यामागची कल्पना. वर्ल्ड कस्टम्स ऑर्गनायझेशनची ही पद्धत १ जानेवारी १९८८ पासून लागू झाली आणि आज २०० हून जास्त देश आणि अर्थव्यवस्था ती वापरतात.

कोडचे पहिले ६ आकडे जगभर सारखे असतात. त्यापुढचे आकडे प्रत्येक देश आपल्या सोयीनं जोडतो. भारतात कोड ८ आकडी आहे आणि त्याची यादी कस्टम्स टॅरिफ ॲक्ट, १९७५ च्या पहिल्या परिशिष्टात आहे.

एक उदाहरण घेऊ. ७२ हे लोखंड आणि स्टीलचं प्रकरण. ७२०८ म्हणजे साध्या स्टीलचा, गरम असताना लाटलेला, ६०० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद आणि वरून कोणताही लेप नसलेला सपाट माल. बाजारात त्याला एचआर म्हणतात. त्यातही कॉइल ३ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर ७२०८ ३९, आणि ३ ते ४.७५ मिलिमीटरच्या मधली असेल तर ७२०८ ३८. हा फरक मोजायला टेप पुरत नाही, मायक्रोमीटर लागतो.

कोणता माल कोणत्या खान्यात, हे कोण ठरवतं?

पहिल्यांदा ठरवतो आयातदारच. भारतात २०११ पासून 'सेल्फ असेसमेंट' आहे. म्हणजे बिल ऑफ एंट्री भरताना आयातदार किंवा त्याचा कस्टम हाउस एजंट स्वतः कोड लिहितो आणि अधिकारी तो तपासतात. पण कोड मनानं लिहिता येत नाही. त्यासाठी सहा नियम ठरलेले आहेत आणि ते जगभर सारखे आहेत. त्यातले तीन समजले तरी बराच उलगडा होतो.

पहिला नियम: बिलावर मालाचं नाव काय लिहिलंय याला महत्त्व नाही. कोडच्या यादीतलं वर्णन आणि त्या प्रकरणाच्या सुरुवातीला दिलेल्या टिपा यावरून खाना ठरतो.

दुसरा नियम: वस्तू सुटी करून आणली तरी ती वस्तूच राहते. लोखंडी कपाटाचे सगळे भाग वेगवेगळे बांधून आणले तरी ते 'पत्र्याचे तुकडे' ठरत नाहीत, कपाटच ठरतं.

तिसरा नियम: एक वस्तू दोन खान्यांत बसत असेल तर जास्त नेमकं वर्णन जिंकतं. त्यानंही निकाल लागला नाही तर वस्तूचा मूळ गुणधर्म कशामुळे येतो ते बघायचं. तरीही अडलंच, तर आकड्यानं शेवटी येणारा खाना धरायचा.

स्टीलच्या बाबतीत सगळ्यात जास्त वजन असतं ते प्रकरण ७२ च्या टिपांना. कारण साधं, अलॉय आणि स्टेनलेस यांच्यातल्या रेषा तिथेच आखल्या आहेत. कार्बन १.२ टक्क्यांपर्यंत आणि क्रोमियम १०.५ टक्के किंवा जास्त असेल तर ते स्टेनलेस. स्टेनलेस नाही, पण क्रोमियम ०.३ टक्के, मँगेनीज १.६५ टक्के, टायटॅनियम ०.०५ टक्के किंवा बोरॉन ०.०००८ टक्के अशा यादीतला कोणताही एक घटक तेवढा किंवा त्याहून जास्त असेल, तर ते 'इतर अलॉय स्टील'.

०.०००८ टक्के म्हणजे टनामागे ८ ग्रॅम. सुरुवातीचा चमचा तो हाच.

चमचाभर बोरॉनचा जगभर गाजलेला खेळ

ही रेष आखली तेव्हा हेतू सरळ होता. बोरॉन अगदी थोडं असलं तरी स्टीलच्या कडकपणावर परिणाम करतं, म्हणून त्याची मर्यादा इतकी खाली ठेवली होती. पण चीनच्या कारखान्यांना त्यात वेगळीच वाट दिसली.

चीन सरकार अलॉय स्टीलच्या निर्यातीवर मूल्यवर्धित कराचा काही भाग परत देत होतं. साध्या स्टीलच्या बऱ्याच मालाला ती सवलत नव्हती. मग साध्या कामासाठी जाणाऱ्या स्टीलमध्येही चिमूटभर बोरॉन पडू लागलं. ग्राहकाला बोरॉनशी काही देणंघेणं नव्हतं. ते टाकलं जात होतं फक्त कोड बदलण्यासाठी. ज्या देशांनी साध्या स्टीलवरच जादा शुल्क लावलं होतं, तिथे या मालाला दुहेरी फायदा होता.

१ जानेवारी २०१५ पासून चीननं बोरॉन घातलेल्या स्टीलवरची ही ९ ते १३ टक्क्यांची परतफेड बंद केली. त्यावर काही कारखान्यांनी बोरॉनऐवजी क्रोमियम वापरायला सुरुवात केली. यादीत घटक बरेच होते, एक दार बंद झालं तर दुसरं होतंच. शेवटी १ मे २०२१ पासून चीननं १४६ प्रकारच्या स्टील मालावरची परतफेडच काढून टाकली.

या प्रकरणातून सगळ्या देशांनी एक धडा घेतला. शुल्काचा दर कितीही ठेवा, मालाची व्याख्या सैल असेल तर माल बाजूच्या खान्यातून आत येतो.

सेफगार्ड ड्युटी म्हणजे नेमकं काय?

परदेशी मालापासून देशी उद्योगाला वाचवण्यासाठी जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत तीन हत्यारं आहेत.

अँटी डम्पिंग ड्युटी: एखाद्या देशातल्या कंपन्या आपल्या घरच्या बाजारापेक्षा स्वस्तात माल बाहेर विकत असतील तर. ही ठरावीक देशावर, कधी ठरावीक कंपनीवर लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतानं व्हिएतनामच्या हॉट रोल्ड स्टीलवर टनामागे १२१.५५ डॉलर ड्युटी लावली, ती या प्रकारची.

काउंटरव्हेलिंग ड्युटी: परदेशी सरकारनं दिलेल्या अनुदानामुळे माल स्वस्त झाला असेल तर.

सेफगार्ड ड्युटी: यात समोरच्यानं काही चुकीचं केलंय हे सिद्ध करावं लागत नाही. आयात अचानक वाढली आणि त्यामुळे देशी उद्योगाला गंभीर इजा झाली किंवा होण्याचा धोका आहे, एवढं दाखवावं लागतं.

कोणाचाही दोष नसताना लावायची असल्यामुळे हिच्यावरच्या अटी कडक आहेत. ती सगळ्या देशांच्या मालावर लावावी लागते. तातडीची ड्युटी जास्तीत जास्त २०० दिवस ठेवता येते. अंतिम ड्युटी सुरुवातीला ४ वर्षांपर्यंत, आणि वाढवून एकूण ८ वर्षांपर्यंत ठेवता येते. विकसनशील देशांना ही मर्यादा १० वर्षांची आहे. मुदत एका वर्षापेक्षा जास्त असेल तर दर टप्प्याटप्प्यानं सैल करावा लागतो. आयातीत ३ टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नसलेल्या विकसनशील देशांना सूट द्यावी लागते, फक्त अशा सगळ्या देशांचा मिळून वाटा ९ टक्क्यांच्या आत हवा.

थोडक्यात, सेफगार्ड म्हणजे उद्योगाला सावरायला दिलेला ठरावीक वेळ. कायमची भिंत नाही.

भारतानं काय केलं?

२०२४ मध्ये चीननं ११ कोटी टनांहून जास्त स्टील निर्यात केलं. २०१५ नंतरचा हा सगळ्यात मोठा आकडा. चीनमधलं बांधकाम थंडावलं होतं, कारखाने मात्र चालू होते. भारत स्टील उत्पादनात जगात दुसरा, तरीही २०२४-२५ मध्ये भारतानं सुमारे ९५ लाख टन तयार स्टील आयात केलं. नऊ वर्षांतली ही सगळ्यात जास्त आयात होती.

इंडियन स्टील असोसिएशनच्या अर्जावर डिसेंबर २०२४ मध्ये वाणिज्य मंत्रालयाच्या व्यापार उपाय महासंचालनालयानं, म्हणजे डीजीटीआरनं चौकशी सुरू केली. मार्च २०२५ मध्ये प्राथमिक शिफारस आली आणि २१ एप्रिलला २०० दिवसांसाठी १२ टक्के ड्युटी लागली. ऑगस्टमध्ये अंतिम शिफारस आली आणि ३० डिसेंबर २०२५ ला अर्थ मंत्रालयानं तीन वर्षांचे दर जाहीर केले: पहिल्या वर्षी १२ टक्के, दुसऱ्या वर्षी ११.५ टक्के आणि तिसऱ्या वर्षी ११ टक्के. ही वर्षं मोजायची २१ एप्रिल २०२५ पासून. चीन आणि व्हिएतनाम यांना विकसनशील देश म्हणून मिळणारी सूट दिलेली नाही.

आता व्याख्येकडे बघा. २०१५ मध्ये भारतानं हॉट रोल्ड कॉइलवर २० टक्के सेफगार्ड ड्युटी लावली होती. तेव्हा साधं आणि अलॉय दोन्ही स्टील धरलं होतं, म्हणजे बोरॉनची वाट बंद होती. पण अट होती ६०० मिलिमीटर किंवा जास्त रुंदीची.

२०२५ च्या यादीत ७२०८, ७२०९, ७२१०, ७२११, ७२१२, ७२२५ आणि ७२२६ असे सात खाने आहेत. हॉट रोल्डसोबत कोल्ड रोल्ड आला, गॅल्व्हनाइज्ड आणि रंगीत लेपाचा पत्रा आला. आणि ७२११, ७२१२, ७२२६ हे तर ६०० मिलिमीटरपेक्षा अरुंद पट्ट्यांचेच खाने आहेत. मोठी कॉइल चिरून पट्ट्या केल्या तरी सुटका नाही.

त्याच वेळी स्टेनलेस स्टील, टिनप्लेट आणि ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यासाठी लागणारं सीआरजीओ स्टील बाहेर ठेवलं आहे. सीआरजीओ भारतात गरजेच्या मानानं फारच कमी बनतं. त्यावर ड्युटी लावली असती तर देशी कारखान्याला फायदा थोडा आणि ट्रान्सफॉर्मर मात्र महाग झाले असते.

बिलात किती फरक पडतो?

समजा, एचआर कॉइलची बंदरावर पोचेपर्यंतची किंमत टनाला ४५,००० रुपये आहे.

माल चीनचा असेल तर ७.५ टक्के मूळ सीमाशुल्क म्हणजे ३,३७५ रुपये. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे ३३७.५० रुपये. झाले ४८,७१२.५० रुपये. त्यावर सेफगार्डचे ५,४०० रुपये धरले की ५४,११२.५० रुपये.

माल कोरियाचा असेल तर चित्र वेगळं दिसतं. भारत आणि कोरियामधला व्यापार करार २०१० पासून लागू आहे. करारातल्या अटी पूर्ण करणाऱ्या मालावर मूळ सीमाशुल्क शून्य. म्हणजे आधी ४५,००० रुपयांनाच आत येणारा माल सेफगार्डनंतर ५०,४०० रुपयांना पडतो. जपानशीही असाच करार आहे. भारतात येणाऱ्या स्टीलचे मोठे पुरवठादार चीन, कोरिया आणि जपान हेच आहेत. त्यातल्या दोघांना मूळ शुल्काचा काहीच अडथळा नव्हता. नुसतं मूळ शुल्क वाढवून भागणार नव्हतं, ते यामुळे.

या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी लागतो, पण नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला त्याचं क्रेडिट मिळतं. सेफगार्ड ड्युटीचं क्रेडिट मिळत नाही. ती खर्चातच जाते.

आणखी एक अट आहे, जी बातम्यांत फारशी येत नाही. मालाची किंमत ठरावीक पातळीच्या वर असेल तर सेफगार्ड लागत नाही. हॉट रोल्ड कॉइलसाठी ही पातळी टनाला ६७५ डॉलर, कोल्ड रोल्डसाठी ८२४ डॉलर आणि रंगीत पत्र्यासाठी ९६४ डॉलर आहे. हेतू असा की महागडं खास स्टील यात अडकू नये.

पण यात एक गंमत आहे. ६६० डॉलरचा माल ड्युटी धरून सुमारे ७३९ डॉलरला पडतो आणि ६७५ डॉलरचा माल सेफगार्डशिवाय ६७५ लाच. म्हणजे रेषेच्या जरा खाली असलेल्याला किंमत वाढवून दाखवण्याचा मोह होऊ शकतो. एरवी कस्टम्सला किंमत कमी दाखवल्याचा संशय येतो. इथे उलटंही तपासावं लागतं.

याचा भार कोणावर?

रायगड जिल्ह्यात डोलवीला जेएसडब्ल्यूचा मोठा स्टील प्रकल्प आहे. अशा कारखान्यांसाठी स्वस्त आयात म्हणजे भाव पडणं, भट्ट्या कमी क्षमतेनं चालणं आणि पुढची गुंतवणूक लांबणं. स्टीलचा कारखाना एकदा बंद पडला की तो पुन्हा उभा करणं सोपं नसतं. म्हणून संरक्षणाची मागणी होते आणि तिच्यात तथ्य आहे.

दुसरीकडे भोसरी, चाकण, वाळूज इथली वर्कशॉप्स आहेत. तिथे पत्रा हा कच्चा माल. महिन्याला २० टन पत्रा लागणाऱ्या छोट्या उद्योजकाला टनामागे ५,४०० रुपये जास्त पडले तर महिन्याचा बोजा १,०८,००० रुपये. तो बहुतेक वेळा आयात करत नाही, डीलरकडूनच घेतो. पण आयात महाग झाली की देशी कारखान्यालाही भाव वर न्यायला जागा मिळते. भाव पूर्ण ५,४०० नं वाढेलच असं नाही, बाजारात मागणी किती आहे त्यावर ते ठरतं. मोठ्या ग्राहक कंपनीशी वर्षभराचा दर आधीच ठरलेला असेल तर मधला फरक या छोट्या माणसाच्या खिशातून जातो.

त्याची अडचण इथेच संपत नाही. सेफगार्ड लागतो प्रकरण ७२ मधल्या पत्र्याला. तोच पत्रा परदेशात कापून, भोकं पाडून, बांधकामात थेट बसवता येईल असा तयार करून आणला तर तो ७३०८ मध्ये, म्हणजे प्रकरण ७३ मध्ये जातो. पाइप झाला तर तोही प्रकरण ७३ मध्येच. तिथे हा सेफगार्ड नाही. म्हणजे कच्च्या मालावर ड्युटी आणि त्याच मालापासून बनवलेली वस्तू मोकळी. पत्र्यापासून वस्तू बनवणाऱ्या देशी वर्कशॉपला स्पर्धा करायची आहे ती या वस्तूशी.

ही फट बुजवायला गेलं तर काय होतं, हे अमेरिकेत दिसलं. तिथे स्टीलवरचं शुल्क ४ जून २०२५ ला ५० टक्के झालं. त्या महिन्यात फ्रिज आणि वॉशिंग मशीनही यादीत आली, त्यांच्यातल्या स्टीलच्या हिश्शापुरती. ऑगस्टमध्ये आणखी ४०७ कोड जोडले गेले. कच्च्या मालापासून सुरू झालेलं शुल्क असं घरातल्या वस्तूंपर्यंत पोचलं.

आधीचा अनुभव काय सांगतो?

मार्च २००२ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी स्टीलवर ३० टक्क्यांपर्यंत सेफगार्ड शुल्क लावलं. जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळानं नोव्हेंबर २००३ मध्ये ते नियमात बसत नसल्याचा निकाल दिला आणि डिसेंबरमध्ये ते मागे घ्यावं लागलं.

भारताच्या २०१५ च्या ड्युटीविरुद्ध जपान तिथेच गेला. २०१८ मध्ये तज्ज्ञ मंडळानं भारताच्या चौकशीत अनेक त्रुटी दाखवल्या. तोपर्यंत ड्युटीची मुदत संपलेली होती. युरोपीय संघानं २०१८ मध्ये सुरू केलेला स्टील सेफगार्ड तर ८ वर्षांच्या कमाल मर्यादेपर्यंत, म्हणजे ३० जून २०२६ पर्यंत ताणला. मर्यादा जवळ आल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानं नवी, आणखी कडक योजना मांडली: ठरलेल्या कोट्याबाहेरच्या मालावर ५० टक्के शुल्क.

तात्पुरतं म्हणून आलेलं संरक्षण निघताना किती जड जातं, ते यावरून कळतं.

कोड चुकला तर?

स्टील मागवणाऱ्यानं एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. चुकीच्या कोडमुळे शुल्क कमी भरलं गेलं तर कस्टम्स २ वर्षांपर्यंत मागे जाऊन वसुली काढू शकतं. जाणूनबुजून खोटी माहिती दिली किंवा दडवली असं ठरलं तर ५ वर्षांपर्यंत, वर दंड आणि व्याज.

म्हणून पुरवठादाराकडून मिल टेस्ट सर्टिफिकेट घेणं आणि त्यातले बोरॉन, क्रोमियम, मँगेनीजचे आकडे प्रकरण ७२ च्या टिपांशी ताडून पाहणं गरजेचं. शंका असेल तर माल मागवण्याआधीच कस्टम्सच्या ॲडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे अर्ज करून कोड ठरवून घेता येतो. या प्राधिकरणाचं कार्यालय मुंबईतही आहे.

आणि ज्यांना स्टील मागवायचं नाही, त्यांनी काय लक्षात ठेवायचं? पुढच्या वेळी 'अमुक मालावर इतके टक्के शुल्क' अशी बातमी फिरली की तीन प्रश्न विचारायचे. ते कोणत्या कोडना लागणार? कोणता माल आणि कोणते देश त्यातून सुटले? आणि त्याच कच्च्या मालापासून बनलेली तयार वस्तू आत आहे की बाहेर? कोणाचा धंदा वाचणार आणि कोणाचा अडचणीत येणार, हे टक्क्यांपेक्षा या तीन उत्तरांवरून जास्त कळतं.